बॅज छातीवर, आकडा कपाटात

प्रति,
मराठवाड्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाता, आठही जिल्ह्यांचे जिल्हा शल्यचिकित्सक, तसेच खासगी रुग्णालयांचे संचालक व विश्वस्त यांना

विषय : किरणोत्सर्गाच्या सान्निध्यात काम करणाऱ्या रुग्णालयीन कर्मचाऱ्यांची मात्रा, म्हणजे त्यांच्या अंगावर पडणाऱ्या किरणांचे प्रमाण, मोजण्याबाबत आणि ती त्यांना कळविण्याबाबत.

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

आपल्या रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागातील कोणत्याही एका तंत्रज्ञाला आज सहज बोलावून एवढेच विचारावे, की मागच्या तिमाहीत तुमच्या छातीवरच्या, किरणोत्सर्ग मोजणाऱ्या बॅजचा आकडा किती आला. बहुतेकांना तो सांगता येणार नाही. काही जण म्हणतील, "काही कळवले नाही, म्हणजे नॉर्मलच असेल." एखादा तर आपला बॅज नेमका कोठे आहे हेच आठवू लागेल. मी स्वतः ३१ वर्षे क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणून मराठवाड्यात नोकरी केली, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयापासून सुरुवात करून जिल्ह्याच्या ठिकाणी निवृत्त झालो, आणि पहिली १२ वर्षे मलाही या प्रश्नाचे उत्तर देता आले नसते. त्याची तेव्हा लाजही वाटली नाही, कारण तो आकडा माझा असतो हे मला कोणी सांगितलेच नव्हते. बॅज कार्यालयाचा, अहवाल कार्यालयाचा, आणि छाती तेवढी माझी, असा सगळा कारभार होता.

ज्यांचा या वस्तूशी रोजचा संबंध येत नाही अशा प्रशासकांसाठी थोडे सांगतो. आपल्याकडचा टीएलडी (थर्मोल्युमिनेसंट डोसिमीटर, म्हणजे तापविल्यावर प्रकाशाने मात्रा सांगणारा मापक) बॅज भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झाला आणि १९७५ पासून तो जुन्या फिल्म बॅजच्या जागी वापरात आला. प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत धातूची एक पट्टी असते आणि त्या पट्टीवर तीन चकत्या बसविलेल्या असतात. चकत्यांमध्ये कॅल्शियम सल्फेटचे स्फटिक असून त्यांत डिस्प्रोशियम या मूलद्रव्याचा अत्यल्प अंश मिसळलेला असतो. किरणोत्सर्गाची ऊर्जा या स्फटिकांत अडकून राहते, आणि प्रयोगशाळेत चकती तापविली की ती प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. प्रकाश जितका अधिक, तितकी मात्रा अधिक. एका चकतीवर धातूची गाळणी असते, दुसरीवर प्लॅस्टिकची, तिसरी उघडी असते, आणि तिन्हींच्या प्रकाशाची तुलना करून अंगावर कोणत्या प्रकारचे व किती भेदक किरण पडले याचा अंदाज बांधता येतो. बॅज कोणाचे संरक्षण करीत नाही. हे वाक्य मुद्दाम लिहितो, कारण नव्याने रुजू झालेल्या कित्येक सिस्टरांनी मला, "बॅज लावला आहे ना, मग जवळ उभी राहते," असे सांगितलेले आहे. बॅज फक्त नोंद घेतो, आणि ती नोंदही तापविल्याशिवाय बोलत नाही. रक्तदाबाच्या यंत्राचा काटा तिथल्या तिथे दिसतो. आमचा काटा तीन महिन्यांनी, दुसऱ्या शहरात, दुसऱ्या माणसाला दिसतो. म्हणूनच तो आकडा परत कोणाकडे येतो, याला इतके महत्त्व आहे.

आता नियंत्रण बॅजची गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय माझे म्हणणे कळणार नाही. प्रयोगशाळेकडून जो गठ्ठा येतो, त्यात कर्मचाऱ्यांच्या बॅजांबरोबर कोणाच्याही नावाचा नसलेला एक बॅज असतो. तो किरणोत्सर्गापासून दूर, म्हणजे एखाद्या कार्यालयात किंवा कपाटात ठेवायचा असतो आणि तिमाही संपली की बाकीच्यांबरोबर परत पाठवायचा असतो. जमिनीतून, अवकाशातून आणि टपालाच्या प्रवासात जी नैसर्गिक मात्रा सगळ्याच बॅजांवर चढते, ती या बॅजवरून कळते, आणि तेवढी प्रत्येकाच्या आकड्यातून वजा केली जाते. मी ज्या एका रुग्णालयात होतो, तेथे हा बॅज कित्येक वर्षे एक्स-रेच्या खोलीतच, यंत्राच्या समोरच्या टेबलाच्या खणात पडून होता. कोणाच्या मनात काही वाईट नव्हते. खण रिकामा होता आणि बॅज हरवू नये अशी काळजी होती, एवढेच. परिणाम असा झाला की आमच्या अंगावर जे पडत होते तेच, किंबहुना त्याहून थोडे अधिक, त्या बॅजवरही पडत होते, आणि तिकडे प्रयोगशाळेत ते आमच्यातून इमानाने वजा होत होते. अहवालात सगळ्यांपुढे शून्य. वरिष्ठ खूश, कारकून खूश, आणि आम्हीही खूशच असतो, जर अहवाल आमच्यापर्यंत आला असता तर. एका प्रशिक्षणाला गेलो असताना मला हा प्रकार उमगला. परत येऊन मी तो बॅज उचलून लेखा शाखेच्या कपाटात ठेवला, आणि पुढच्या तिमाहीपासून आमच्या नावांपुढे लहान लहान आकडे दिसू लागले. ते मर्यादेच्या कितीतरी खाली होते. पण ते होते.

मराठवाड्यातल्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. महसूल मंडळातील पर्जन्यमापकाने २४ तासांत ६५ मिलिमीटर दाखविले तर अतिवृष्टी, नाही तर नाही, हा हिशेब आपल्याकडच्या प्रत्येक शेतकऱ्याला पाठ आहे. मापक झाडाखाली बसविला असेल, त्याच्या तोंडात पाला अडकला असेल, तर शेत वाहून गेले तरी कागदावर पाऊस पडलेला नसतो. गावकरी निदान तहसीलवर जाऊन विचारतात, की मापक कोठे बसविला आहे ते दाखवा. आम्ही मात्र आमच्या मापकाबद्दल कधी विचारले नाही, आणि आपणही तो कोठे टांगलेला आहे हे पाहायला कधी खाली आला नाहीत.

दुसरा प्रसंग अधिक अवघड आहे, कारण त्यात माझा स्वतःचा दोष आहे. एका तिमाहीत माझ्या बॅजवर नेहमीपेक्षा बराच मोठा आकडा आला. तिमाहीत १० मिलिसीव्हर्टच्या (हे मात्रा मोजण्याचे एकक) वर मात्रा गेली की तिची चौकशी होते, तशी ती झाली. अशा चौकशीचा पहिला प्रश्न हा असतो, की मात्रा खरोखर माणसाला मिळाली, की बॅज एकटाच खोलीत राहून त्याच्यावर किरण पडले. प्रश्न योग्यच आहे. बॅज लावलेला, किरण अडविणारा शिशाचा अ‍ॅप्रन यंत्राशेजारच्या खुंटीवर राहिला, तर आकडा फुगतो आणि माणूस मात्र सुरक्षित असतो. पण माझ्यापुढे जो कागद आला, त्यावर उत्तर आधीच टंकलिखित होते : बॅज अनवधानाने एक्स-रे कक्षात राहिला होता. मला कोणी काही विचारले नाही. त्या तीन महिन्यांत पोर्टेबल यंत्र घेऊन मी किती वेळा वॉर्डात गेलो, अपघाताचे किती रुग्ण मी स्वतः धरून उभे केले, अ‍ॅप्रन एकच असल्याने तो किती वेळा दुसऱ्याच्या अंगावर होता, यातले काहीही त्या कागदावर नव्हते. मी सही केली. मुलीच्या दहावीचे वर्ष होते, आणि बदलीची भीती होती. बॅज खोलीत राहिला होता की नाही, हे आज मलाही खात्रीने सांगता येत नाही. त्या सहीने ते शोधून काढण्याची एकमेव संधी संपली. म्हणून आपणांस पहिली विनंती हीच आहे, की असे स्पष्टीकरण मागविण्याची वेळ आली तर ते कर्मचाऱ्याला त्याच्या शब्दांत, त्याच्या हाताने लिहू द्यावे, आणि किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याने, ज्यांना आपण सगळे आरएसओ म्हणतो त्यांनी, त्या तिमाहीतील कामाची नोंदवही समोर ठेवून ते तपासावे.

नियमांविषयी फार लिहीत नाही; ते आपल्या दप्तरी आहेत. किरणोत्सर्ग संरक्षणाचे नियम २००४ चे, ते १९६२ च्या अणुऊर्जा अधिनियमाखाली झाले, आणि त्यांची अंमलबजावणी १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाकडे. काम करणाऱ्या माणसासाठी सलग पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसीव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही, ही आपल्याकडची मर्यादा आहे. सामान्य नागरिकासाठी ती वर्षाला १ मिलिसीव्हर्ट आहे. या दोन आकड्यांमधले अंतर लक्षात ठेवावे, कारण पुढचा सगळा मुद्दा त्या अंतरावर उभा आहे.

ऊस तोडणीच्या हंगामात रात्री ट्रॅक्टर-ट्रॉलीचे अपघात किती होतात, हे आपणांस मी सांगायला नको. मोडलेल्या मांडीत रॉड टाकायचा असतो, शस्त्रक्रियागृहात सी-आर्म, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असतानाच आतले हाड पडद्यावर दाखविणारे क्ष-किरण यंत्र, सुरू असतो, सर्जनचा पाय पेडलवर असतो आणि समोर पडद्यावर हाड दिसत असते. त्या टेबलाभोवती कोण कोण उभे असते ते पाहावे : सर्जन, त्यांचे सहायक डॉक्टर, भूलतज्ज्ञ, हत्यारे देणाऱ्या सिस्टर, रुग्णाचा पाय ताणून धरलेले मामा, आणि फरशी पुसायला थांबलेल्या मावशी. किरण येतात ते केवळ यंत्राच्या क्ष-किरण नळीतून नव्हे. रुग्णाच्या शरीरावर आदळून ते चहूकडे विखुरतात, आणि टेबलाजवळ उभ्या असलेल्या माणसाला मिळणारी मात्रा मुख्यतः याच विखुरलेल्या किरणांची असते. पाय धरणारा माणूस त्या शरीराच्या सर्वांत जवळ असतो. क्ष-किरण विभागातला तंत्रज्ञ काचेआड जाऊन बटण दाबतो, त्याच्या छातीवर बॅज असतो. शस्त्रक्रियागृहातले मामा यंत्रापासून हातभर अंतरावर असतात आणि त्यांच्या छातीवर काहीही नसते, कारण ते "एक्स-रेचे" नाहीत, "ओटीचे" आहेत. आस्थापना शाखेच्या दृष्टीने हा भेद बरोबर असेल. किरणांना शाखा कळत नाहीत.

मी अनेक ठिकाणी हे बोललो तेव्हा मला ठरलेले उत्तर मिळाले, की त्यांची गणना किरणोत्सर्ग कर्मचाऱ्यांत होत नाही, त्यामुळे बॅज देण्याचा प्रश्न येत नाही. हे उत्तर जरा पुढे नेऊन पाहावे. ते कर्मचारी नसतील, तर किरणोत्सर्गाच्या बाबतीत ते सामान्य नागरिक ठरतात, आणि मग त्यांची मर्यादा २० नव्हे, १ मिलिसीव्हर्ट आहे. म्हणजे बॅज न देऊन आपण त्यांच्याबाबतीत विसाव्या हिश्शाची मर्यादा पाळण्याची हमी देत असतो, आणि ती पाळली गेली हे दाखवायला आपल्याकडे एकही मोजणी नसते. आठवड्यातून काही वेळा ज्यांना सी-आर्मजवळ उभे राहावेच लागते, अशा प्रत्येकाला बॅज द्यावा, मग तो कोणत्याही संवर्गाचा असो. आणि तो येईपर्यंत निदान हे करावे, की सी-आर्मची नळी शक्य असेल तेव्हा टेबलाच्या खाली ठेवावी, म्हणजे विखुरलेल्या किरणांचा मोठा भाग डोक्याकडे न येता जमिनीकडे जातो. बाजूने चित्र घेताना नळीच्या अंगाला कोणी उभे राहू नये. आणि पाय धरण्याची गरज नसलेल्या क्षणी मामांना एक पाऊल मागे जाऊ द्यावे. अर्ध्या मीटरवरून एक मीटरवर गेले की मात्रा साधारण चौथ्या हिश्शावर येते. याला निविदा काढावी लागत नाही.

कॅथ लॅबची, म्हणजे क्ष-किरणांखाली हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासण्याच्या व उघडण्याच्या कक्षाची, गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे प्रश्न डोळ्यांचा आहे. पूर्वी ॲंजिओग्राफीसाठी पुण्या-मुंबईला किंवा हैदराबादला जावे लागे. आता छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर येथे ती होते, ही आनंदाची बाब आहे. पण हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवताना डॉक्टर आणि तंत्रज्ञ रुग्णाच्या शेजारी दीर्घकाळ उभे असतात, आणि शिशाचा अ‍ॅप्रन मानेच्या खाली संपतो. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने २०११ मध्ये डोळ्याच्या भिंगासाठीची शिफारस वर्षाला १५० मिलिसीव्हर्टवरून थेट २० वर आणली, ती उगाच नाही. मोतीबिंदू पूर्वी समजले जात होते त्याहून पुष्कळ कमी मात्रेत होऊ शकतो असे त्यांना दिसून आले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने कॅथ लॅबमधील डॉक्टर व परिचारिकांची नेत्रतपासणी करविली, तेव्हाही भिंगाच्या मागच्या भागातील धूसरपणा इतरांपेक्षा अधिक आढळला. अ‍ॅप्रनच्या आत लावलेला बॅज छातीची मात्रा सांगतो. डोळ्यांची सांगत नाही. छतावरून टांगलेली शिशाची काच बहुतेक कॅथ लॅबमध्ये असते, आणि ती बाजूला सारलेली असते, कारण ती मध्ये येते. ती पुढे ओढून घेण्याची सवय वरिष्ठ डॉक्टरांनी लावली तरच कनिष्ठांना लागते. शिशाचे चष्मे आहेत, ते जड आहेत हेही खरे आहे.

बॅज नेमका कोठे लावायचा, यावरही एकवाक्यता नाही. छातीच्या उंचीवर, आणि लेड अ‍ॅप्रन घातला असेल तर त्याच्या आत, हा साधा नियम आहे. काही ठिकाणी तो अ‍ॅप्रनवरच कायमचा टाचलेला असतो आणि तो अ‍ॅप्रन दिवसभरात चौघे घालतात. मग त्या बॅजवर नाव एकाचे आणि मात्रा चौघांची. काही ठिकाणी तो उन्हाळ्यात दुचाकीच्या डिकीत असतो, आणि परभणीचा मे महिना ज्यांना ठाऊक आहे त्यांना डिकीतल्या उष्णतेबद्दल वेगळे सांगायला नको. बॅज उष्णतेपासून आणि थेट उन्हापासून दूर ठेवावा अशी स्पष्ट सूचना असते.

इथे आमच्या बाजूचाही दोष मान्य करतो, नाही तर हे पत्र एकांगी होईल. पुष्कळ तंत्रज्ञ बॅज लावतच नाहीत. कधी तो कपड्यात अडकतो म्हणून, कधी आळस म्हणून. पण एक कारण असे आहे की ते आपल्यापर्यंत कधी पोहोचत नसेल. कंत्राटी माणसाला वाटते की आकडा वाढला तर आपल्याला कामावरून काढतील. ज्याला जादा प्रकरणांचे जादा पैसे मिळतात, त्याला वाटते की आकडा वाढला तर आपल्याला कॅथ लॅबमधून हलवतील. म्हणून काम सर्वांत जास्त असते त्याच दिवशी बॅज मुद्दाम खणात जातो. मोजणीचा अर्थ शिक्षा असा झाला की माणूस मोजणीपासून लपतो. आकडा वाढलेल्या माणसाला आपण काय विचारता, यावर पुढच्या तिमाहीत बॅज किती छातींवर असतील हे ठरते.

कंत्राटी नेमणुकांनी आणखी एक गुंता केला आहे. बाह्यस्रोतांतून आलेला मुलगा अकरा महिने एका रुग्णालयात, मग सहा महिने खासगी सीटी केंद्रात, मग तिसऱ्याच जिल्ह्यात असतो. नव्या ठिकाणी त्याला नवा बॅज मिळतो, बहुधा रुजू झाल्यानंतर काही महिन्यांनी, आणि त्याची आधीची मात्रा कोणी विचारत नाही. देशभरातील कर्मचाऱ्यांच्या मात्रेची राष्ट्रीय नोंदवही भाभा अणुसंशोधन केंद्राकडे आहे, आणि ती याचसाठी आहे, की माणूस कोठेही गेला तरी त्याचे खाते एकच राहावे. पाच वर्षांची सरासरी काढायची तर पाचही वर्षे एका खात्यावर असायला हवीत. त्यासाठी रुजू होताना जुना बॅज क्रमांक आणि मागील नोंदी मागवून घेणे, आणि कार्यमुक्त करताना त्या अनुभव प्रमाणपत्राबरोबर हातात देणे, एवढेच करायचे आहे. अनुभव प्रमाणपत्रावर वर्तणूक समाधानकारक असल्याचे आपण आवर्जून लिहिता. शेजारी मात्रेचा आकडा लिहायला जागा आहे.

गरोदर भगिनींविषयी थोडक्यात लिहितो. गर्भधारणा कळविल्यानंतर उरलेल्या काळात गर्भाला १ मिलिसीव्हर्टपेक्षा अधिक मात्रा मिळू नये, असा दंडक आहे. याचा अर्थ तिला घरी बसवावे असा नव्हे, आणि कंत्राट वाढवू नये असा तर मुळीच नव्हे. तिला कामाची जागा बदलून द्यावी. ही भीती असल्यामुळे मुली चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत काही सांगत नाहीत, आणि नेमका तोच काळ अधिक नाजूक असतो.

हे सगळे वाचून कोणी घाबरून जाऊ नये, म्हणून प्रमाणही सांगितले पाहिजे. निसर्गातूनच प्रत्येक माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळते. छातीच्या एका एक्स-रेत रुग्णाला मिळते ती याच्या लहानशा अंशाएवढी असते. नीट बांधलेल्या खोलीत, काचेआडून काम करणाऱ्या तंत्रज्ञाचा आकडा मर्यादेच्या फार खाली असतो. यंत्र बंद झाले की किरण संपतात; ते भिंतींत, गादीत किंवा कपड्यांत राहत नाहीत, आणि एक्स-रे विभागावरून जाताना पदराने तोंड झाकून घेण्याची गरज नसते. मी नोकरीला लागलो तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला रोज गूळ खायला सांगितले होते, गुळाने क्ष-किरण उतरतात म्हणून. मी वर्षभर खाल्ला. आकडा हाती असता तर गुळाचा खर्च वाचला असता. न मोजलेल्या गोष्टीबद्दल माणूस एक तर निष्काळजी राहतो किंवा भलतेच उपाय करीत बसतो, आणि आमच्या विभागांत या दोन्ही प्रकारची माणसे एकाच बाकावर बसलेली आढळतात.

कर्करोग रुग्णालये आणि अणुवैद्यक विभाग यांच्याविषयी मी फार लिहीत नाही, कारण तेथे भौतिकशास्त्रज्ञ असतात आणि शिस्त तुलनेने बरी असते. आयोडीन-१३१ सारखे किरणोत्सर्गी द्रव हाताळणाऱ्यांच्या बाबतीत मात्र एवढे ध्यानात असावे, की छातीवरचा बॅज बाहेरून पडणारे किरण मोजतो, श्वासातून वा तोंडातून पोटात गेलेले नाही.

आता माझी मुख्य मागणी. ती एकच आहे आणि बाकीच्या सगळ्या तिच्या पोटात येतात. दर तिमाहीचा अहवाल आला की आठ दिवसांच्या आत प्रत्येक कर्मचाऱ्याला त्याचा आकडा, त्या वर्षातील एकूण आणि पाच वर्षांतील एकूण, एका कागदावर, त्याच्या नावाने, मराठीत लिहून द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. पगारपत्रक देतो तसे. विभागातील फलकावर सगळ्यांचे आकडे लावावेत असे मी म्हणत नाही. ते खासगी आहेत. ज्याचा आकडा आधीपेक्षा वाढला असेल त्याच्याशी आरएसओने पाच मिनिटे बोलावे. ज्याचा सलग शून्य येत असेल आणि जो रोज सी-आर्मवर उभा असेल, त्याच्याशी दहा मिनिटे बोलावे. नियंत्रण बॅज कोठे आहे हे वर्षातून एकदा आपण स्वतः जाऊन पाहावे. लेड अ‍ॅप्रन घडी घालून ठेवलेले दिसतील; घडीच्या रेषेवर आतले शिसे भेगाळते आणि बाहेरून काही कळत नाही, म्हणून ते टांगून ठेवायला सांगावे आणि वर्षातून एकदा यंत्राखाली धरून तपासावेत.

खर्चाचा मुद्दा येईल. बॅज तर आपण आजही पाठवता; त्याचे शुल्क आजही भरता; अहवाल आजही येतो. तो फायलीतून काढून माणसाच्या हातात देण्याला एक कागद लागतो. नव्या बॅजांचा खर्च शस्त्रक्रियागृहातील आणि कॅथ लॅबमधील माणसांपुरता आहे, आणि ज्या जिल्ह्यांत आज सीटी यंत्रे चोवीस तास चालतात, त्या जिल्ह्यांना तो जड जाईल असे मला वाटत नाही. १९५६ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाच्या रूपाने आपल्याकडे पहिले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि आता धाराशिव, परभणी, जालना, हिंगोली येथेही ती सुरू झाली आहेत. नव्या ठिकाणी नोंदवह्या कोऱ्या आहेत. तेथे पहिल्या तिमाहीपासूनच हा कागद देण्याची पद्धत पडली, तर जुन्या ठिकाणी जे बदलायला त्रास होतो ते नव्या ठिकाणी बदलावे लागणारच नाही.

शेवटी एक वैयक्तिक विनंती, ती या पत्रात करणे थोडे संकोचाचे आहे. किरणोत्सर्गाचे आजार दिसायला कधी कधी दोन-तीन दशके लागतात. म्हणूनच आंतरराष्ट्रीय निकषांनुसार या नोंदी माणसाच्या वयाच्या ७५ व्या वर्षापर्यंत, आणि काम सोडल्यावर किमान ३० वर्षे, जपून ठेवायच्या असतात. निवृत्तीनंतर मी माझ्या ३१ वर्षांच्या नोंदी मागितल्या. २२ वर्षांच्या मिळाल्या. उरलेली ९ वर्षे दोन रुग्णालयांतली आहेत. एका ठिकाणी इमारत बदलताना फायली हलल्या, दुसऱ्या ठिकाणी जुने दप्तर रद्दीत निघाल्याचे सांगण्यात आले, पण नक्की कोणालाच आठवत नाही. ती पाने आपल्यापैकी कोणाच्या तरी कपाटात असतील. लांबट आकाराचा, तिमाहीचा, नावांच्या उभ्या यादीचा कागद असतो. वर "व्यक्तिगत मात्रा" असे काहीतरी लिहिलेले असते. जुनी कपाटे रिकामी करण्याआधी कारकुनांना एवढे सांगून ठेवावे, की असे कागद दिसले तर ते बाजूला काढावेत. त्यांवर फक्त माझेच नाव नाही.

आपला,
एक निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ
परभणी जिल्हा